एका कंपायलरची कारकीर्द

पीएचपी ही संगणकभाषा व्याकरणाचे नियम आधी निश्चित करून मग शब्दयोजनेकडे वळणाऱ्या पंडितांच्या सभेत जन्मास आलेली नाही. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात शिकलेल्या रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ साली, आपल्या वेबपानावर कोण येऊन जाते याची नोंद ठेवावी एवढ्याच हेतूने, सी भाषेत काही लहानशी साधने रचली. ८ जून १९९५ रोजी ती सर्वांस खुली केली. आणि मग वापरणाऱ्यांच्या गरजा जसजशा पुढे येत गेल्या तसतशी त्या साधनांना भाषेची अंगोपांगे फुटत गेली. १९९७ मध्ये हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स या दोघा विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहावयास घेतला. जून १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, आणि २००० सालच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ‘झेंड’ नावाचे इंजिन तिच्या पोटात येऊन बसले.

ही भाषा लोकांत रुजली ती तिच्या औदार्यामुळे. एखाद्या व्हेरिएबलमध्ये आत्ता अंक, पुढच्या ओळीत अक्षरे आणि त्याच्या पुढच्या ओळीत संपूर्ण यादी ठेवली तरी ती हरकत घेत नाही. ‘१०’ ही अक्षरे आणि ५ हा अंक यांची बेरीज मागितली तर मुकाट्याने १५ हे उत्तर देते. फंक्शनचे नाव ऐन वेळी अक्षरे जुळवून तयार करता येते आणि त्या नावाने त्याला पाचारण करता येते. इतकेच नव्हे, तर चालत्या प्रोग्रामने स्वतःच नवा मजकूर रचून तो ‘इव्हॅल’ या सोयीने तिथल्या तिथे अमलात आणण्याचीही मुभा आहे. लिहिणाराने मजकूर बदलावा, फाइल जतन करावी, ब्राउझरमधील पान ताजे करावे आणि बदल डोळ्यांसमोर पाहावा, हा तिचा शिरस्ता. ज्यांना संगणकशास्त्राची पदवी नव्हती अशा लाखो माणसांनी या भाषेच्या आधारे आपली संकेतस्थळे उभी केली, आणि ही गोष्ट मी त्या भाषेच्या थोर उपकारांपैकी एक मानतो.

परंतु या औदार्याची किंमत यंत्राला मोजावी लागते. परमुलखातील वकिलाचे भाषण वाक्यावाक्यागणिक उलगडून सांगणाऱ्या दरबारी दुभाष्याप्रमाणे झेंड इंजिन काम करी: मजकुराचे बारीक आज्ञांत रूपांतर करावयाचे, आणि मग एकेका आज्ञेपाशी थांबून, येथे जे दोन पदार्थ बेरजेसाठी आले आहेत ते अंक आहेत की दशांश, अक्षरे आहेत की याद्या, याची चौकशी करून मगच पुढे जावयाचे. आज्ञांत झालेले रूपांतर साठवून ठेवण्याची सोय पुढे झाली, तरी ही चौकशी काही चुकत नव्हती. दिवसाकाठी हजार वाचक येणाऱ्या संकेतस्थळाला या विलंबाची जाणीवही होत नसे. ज्यांच्याकडे कोट्यवधी लोक येऊ लागले त्यांना मात्र तो सर्व्हरच्या खरेदीत, विजेच्या बिलात आणि यंत्रशाळांच्या जागेत मोजून द्यावा लागे.

फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहात मार्क झुकरबर्ग यांनी सुरू केलेले फेसबुक याच भाषेत लिहिलेले होते. सहा वर्षांत त्याचे सभासद ४० कोटींवर गेले आणि त्या वाढीबरोबर पीएचपीच्या ओळींची संख्याही अशी वाढली की सारे काही दुसऱ्या भाषेत नव्याने लिहून काढावे, ही तजवीज कागदावर कितीही सयुक्तिक वाटली तरी व्यवहारात अशक्य झाली. कारण लिहून होईपर्यंत मूळ मजकूर आणखी पुढे गेलेला असणार. दुसरा मार्ग असा होता की जे भाग अतिशय सावकाश चालतात तेवढे सी प्लस प्लस या अधिक वेगवान भाषेत लिहून पीएचपीला जोडावेत. तो काही अंशी अनुसरलाही गेला. पण त्यात दोष असा की, ज्यांना दोन्ही भाषा अवगत आहेत असे अभियंते थोडे, आणि मग सबंध संस्थेतील कोणीही कोणताही भाग हाती घेऊन सुधारू शकतो ही जी तिथली मोठी सोय, तीच नाहीशी होणार. तिसरा मार्ग राहिला तो असा की, माणसांनी पीएचपीच लिहीत राहावे आणि तिचे सी प्लस प्लसमध्ये रूपांतर यंत्राने, म्हणजे कंपायलरने, करावे.

या दिशेने पूर्वी कोणी पाऊल टाकले नव्हते असे नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘पीएचसी’ नावाचा कंपायलर रचला गेला होता. रोडसेंड या नावाचा एक कंपायलर स्कीम भाषेच्या आश्रयाने चालत असे. आणि ‘क्वेर्कस’ने पीएचपीला जावाच्या यंत्रावर आणून बसविले होते. हे सर्व प्रयत्न आदरास पात्र आहेत. परंतु लाखो ओळींच्या, रोज बदलणाऱ्या आणि क्षणभरही बंद न ठेवता येणाऱ्या संकेतस्थळाचा सर्व भार यांपैकी एकाच्याही खांद्यावर आलेला नव्हता.

फेसबुकमध्ये अभियंत्यांनी एखादी रात्र नेमून दिलेले काम बाजूस ठेवून मनातील कल्पना अजमावून पाहावी, अशी ‘हॅकेथॉन’ नावाची प्रथा होती. ज्या कंपायलरने हा भार पेलला त्या ‘हिपहॉप’चा उगम अशाच एका हॅकेथॉनमध्ये झाला. हायपिंग झाओ या अभियंत्याने पीएचपीचा मजकूर वाचून त्याच अर्थाचा सी प्लस प्लसचा मजकूर लिहिणारा प्रोग्राम रचण्यास आरंभ केला. दोन्ही भाषांची वाक्यरचना बरीचशी सारखी दिसते, तेव्हा एकीचे दुसरीत रूपांतर यंत्राने का होऊ नये, हा त्याच्या मुळाशी असलेला साधा तर्क होता. पुढे इयान प्रॉक्टर आणि मिंगहुई यांग हे त्याला येऊन मिळाले. आरंभीचा बराच काळ हे काम दोन-तीन माणसांच्याच बळावर चालले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या चिकाटीचे मोल कळते.

आता या यंत्राचे अंतरंग थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. सामान्य पीएचपी इंजिन एका वेळी एका फाइलचा विचार करी. हिपहॉप संपूर्ण संकेतस्थळाचा सारा मजकूर एकाच वेळी समोर घेई. सर्व मजकूर दृष्टीसमोर असला म्हणजे कोणत्या फंक्शनची व्याख्या कोठे आली आहे, कोणता वर्ग कोणाचा वारस आहे, हे चालण्यापूर्वीच निश्चित करता येते. आणि ज्या नावाचा शोध इंजिनला प्रत्येक वेळी कोष्टकात घ्यावा लागे त्याच्या जागी थेट पत्ता लिहून ठेवता येतो. त्यानंतर येई प्रकारांचे अनुमान. एका व्हेरिएबलला आरंभी शून्य दिले आहे आणि पुढे त्यात केवळ एक-एक मिळविला जात आहे, तर तो अंकच असणार, मग त्याची प्रत्येक वेळी चौकशी कशासाठी? अशा अनुमानांची साखळी कंपायलर फंक्शनातून फंक्शनात नेई, आणि जेथे निश्चिती होई तेथे सी प्लस प्लसमधील साधा अंक योजी. जेथे निश्चिती होत नसे तेथे कोणताही प्रकार सामावून घेणारे, म्हणून अवजड आणि मंद, असे सर्वसमावेशक पात्र ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा रीतीने तयार झालेला सी प्लस प्लसचा अवाढव्य मजकूर मग जी प्लस प्लस या प्रसिद्ध कंपायलरच्या स्वाधीन केला जाई, आणि त्यातून सबंध संकेतस्थळ पोटात घेतलेली एकच कार्यकारी फाइल बाहेर पडे.

अनुमानाच्या या मार्गात पीएचपीचे औदार्य पावलोपावली आडवे येई. दोन अंकांची बेरीज अंकच असेल अशी खात्री धरावी, तर ती मर्यादेबाहेर गेल्यास उत्तर दशांश स्वरूपाचे होते असा भाषेचा नियम. यादी एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात दिली तर दोन्ही स्वतंत्र मानल्या पाहिजेत. पण प्रत्यक्ष नक्कल केली तर वेळ जातो, म्हणून कोणी बदल करीपर्यंत ती पुढे ढकलायची, आणि त्यासाठी प्रत्येक वस्तूचे किती धनी आहेत याची गणती सतत ठेवायची. या सर्व नियमांचे तंतोतंत पालन करणे हेच कामाचे खरे कष्ट होते. पन्नास उदाहरणे चालवून दाखविणारे भाषांतरयंत्र हुशार विद्यार्थ्यालाही काही आठवड्यांत रचता येते. पण ज्या भाषेचे अधिकृत लिखित विधान त्या काळी अस्तित्वातच नव्हते आणि प्रचलित इंजिन जसे वागते तोच जिचा कायदा होता, तिच्या सर्व रूढी, अपवाद आणि लकबी शोधून त्या जशाच्या तशा उतरविणे हे काम वर्षानुवर्षांचे असते. ‘इव्हॅल’ मात्र हिपहॉपने सोडून दिला. ज्या मजकुराचे अस्तित्वच प्रोग्राम चालू झाल्यावर निर्माण व्हायचे त्याचे आगाऊ भाषांतर होणार कसे?

२ फेब्रुवारी २०१० रोजी फेसबुकने हिपहॉपची जाहीर वार्ता दिली आणि त्याचा मजकूर सर्वांसाठी खुला करीत असल्याचे सांगितले, तेव्हा त्या संकेतस्थळाची ९० टक्क्यांहून अधिक वाहतूक या कंपायलरमधून निघालेल्या फाइलीवर चालत होती, आणि वेब सर्व्हरवरील सीपीयूचा खर्च सरासरीने सुमारे निम्म्यावर आला होता. पुढील दोन वर्षांत यंत्रात सुधारणा होत गेल्या, आणि २०१२ साली ऊप्स्ला या प्रोग्रामिंगविषयक परिषदेत झाओ व त्याच्या सहकाऱ्यांनी जो प्रबंध सादर केला त्यात प्रचलित पीएचपीच्या मानाने साडेपाचपट वेगाचा दाखला दिला गेला. एरवी जितके सर्व्हर लागले असते त्यांच्या काही अंशावरच वाढते काम निभावले, या एका गोष्टीने त्या कंपायलरचा सारा खर्च अनेकपटीने वसूल केला.

कंपायलर रचणे ही एक विद्या आणि तो रोज चालविणे ही दुसरी. पीएचपीच्या जुन्या व्यवस्थेत बदललेल्या फाइली सर्व्हरवर पोचविल्या की काम संपे. आता एका ओळीचा बदल असला तरी सबंध संकेतस्थळाचे भाषांतर नव्याने करणे आले, आणि तयार होणारी फाइल २०१२ च्या सुमारास दीड गिगाबाइटच्या आसपास गेली होती. इतकी मोठी वस्तू हजारो यंत्रांपर्यंत एका मध्यवर्ती भांडारातून पाठविली तर भांडाराचेच दार तुंबावे. म्हणून चित्रपटांच्या देवाणघेवाणीसाठी जी जगभर ठाऊक होती ती बिटटोरेंट पद्धती येथे कामास लावण्यात आली, जीत प्रत्येक यंत्र हाती आलेला तुकडा शेजारच्या यंत्राला देते. अशा बंदोबस्ताने फाइल तयार होण्यास पाव तास आणि ती सर्वत्र पोचण्यास आणखी पाव तास, एवढ्या अवधीत सारे संकेतस्थळ नव्या रूपात उभे राही. त्या काळी ही प्रकाशने पाठविण्याचा कारभार चक रॉसी यांच्या पथकाकडे होता. आणि ज्या ज्या अभियंत्याचा बदल त्या प्रकाशनात असेल त्याने त्या वेळी हजर राहिले पाहिजे, असा तिथला दंडक होता. भाषांतरयंत्राच्या इतिहासात अशा दंडकांना जागा मिळत नाही, याची मला खंत वाटते. कारण कंपायलरवर विसंबून राहण्याचे धाडस संस्थेला येते ते प्रबंधातील आलेखांपेक्षा अशा शिस्तीमुळे अधिक.

परंतु या राज्यव्यवस्थेत एक भेग होती. लिहिणाऱ्या अभियंत्याला प्रत्येक किरकोळ बदलासाठी पाव तास थांबविणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्यासाठी ‘एचपीएचपीआय’ नावाचा, आगाऊ भाषांतर न करता मजकूर थेट चालविणारा, वेगळा इंटरप्रिटर ठेवला होता. म्हणजे लिहिताना एक अंमल आणि लोकांसमोर दुसरा. दोहोंच्या वागणुकीत केसाइतका फरक राहिला तरी अभियंत्याच्या टेबलावर निर्दोष चाललेला प्रोग्राम लोकांसमोर चुकणार; आणि असे फरक राहतच, कारण एकाच भाषेची दोन स्वतंत्र राबवण्या कायम जुळत्या ठेवणे हे न संपणारे काम आहे. शिवाय आगाऊ अनुमानाचीही मर्यादा दिसू लागली होती. मजकुराकडे कितीही निरखून पाहिले तरी ज्या फंक्शनला बाहेरून काय येणार हे मजकुरात लिहिलेलेच नाही, त्याविषयी कंपायलरने निश्चित काय म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कीथ अ‍ॅडम्स, जेसन इव्हान्स आणि ड्र्यू परोस्की यांनी २०१० मध्येच सुरुवात केली होती, म्हणजे जुन्या हिपहॉपचा जयघोष चालू असतानाच. त्यांचा विचार असा: प्रकार आगाऊ ओळखता येत नाही तर ओळखू नये, प्रोग्राम चालू द्यावा, ऐन वेळी जो पदार्थ हाती येईल त्याच्याकडे पाहावे, आणि तेवढ्यापुरते यंत्रभाषेत रूपांतर तिथल्या तिथे करावे. डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या या रचनेला हिपहॉप व्हर्च्युअल मशीन, संक्षेपाने एचएचव्हीएम, असे नाव मिळाले. तिच्यात पीएचपीच्या मजकुराचे आधी बाइटकोड नावाच्या मधल्या आज्ञांत रूपांतर होई. मग एखादी जागा प्रथमच गाठली गेली की, येणाऱ्या व्हेरिएबलांचे प्रकार त्या क्षणी काय आहेत हे पाहून, तेवढ्याच प्रकारांसाठी खास बनविलेला एक छोटा तुकडा तयार केला जाई, ज्याला त्या मंडळींनी ‘ट्रेसलेट’ म्हटले. तुकड्याच्या दाराशी पहारा असे: पुढच्या खेपेसही तेच प्रकार आले तर आत जावे, आणि निराळे आले तर त्यांच्यासाठी दुसरा तुकडा बनवून पहिल्याला जोडावा. पुढचा प्रकार अज्ञात आहे अशी जागा आली की तुकडा तेथेच संपवावा आणि तेथून नव्याने पाहणी करावी. प्रत्यक्षात बहुतेक जागी एकच प्रकार पुनःपुन्हा येतो, कारण मुभा असली तरी माणसे तिचा वापर क्वचितच करतात. आणि या एका निरीक्षणावर त्या यंत्राचा सारा डोलारा उभा आहे.

ही विद्या सर्वस्वी नवी नव्हती. सन १९९० च्या आगेमागे स्टॅनफर्ड विद्यापीठात आणि नंतर सन कंपनीत डेव्हिड उंगार, क्रेग चेंबर्स व उर्स हॉल्झले यांनी ‘सेल्फ’ या भाषेसाठी चालत्या प्रोग्रामचे निरीक्षण करून भाषांतर सुधारण्याचे जे मार्ग काढले, त्यांचा वारसा जावाच्या यंत्राला आणि २००८ साली गूगलने बाहेर काढलेल्या व्हीएट या जावास्क्रिप्ट इंजिनाला मिळाला होता. ब्राउझरमध्ये ज्या शास्त्राने क्रांती घडविली होती तेच आता सर्व्हरच्या बाजूस येऊन दाखल झाले.

तरीही नवे यंत्र आरंभी जुन्याहून सावकाश चालत असे. जुन्या कंपायलरमागे जी प्लस प्लसची दोन दशकांची सिद्धता होती, नव्याला सारे स्वतः शिकावयाचे होते. आणि ज्या जुन्यावर संस्थेचा गाडा चालला होता तोही दर महिन्यास सुधारत असल्यामुळे ज्याला गाठावयाचे ते ध्येयच पुढे पळत होते. २०१२ च्या अखेरीस ही बरोबरी साधली, आणि २०१३ च्या पहिल्या तिमाहीत फेसबुकचे संकेतस्थळ पूर्णपणे एचएचव्हीएमवर आले. जुना हिपहॉप कंपायलर निवृत्त झाला. लिहिताना आणि चालविताना एकच इंजिन झाल्यामुळे ती जुनी भेगही बुजली. माझ्या मते या सबंध प्रकरणातील सर्वांत धैर्याचा निर्णय हाच होय: ज्याने खर्च निम्म्यावर आणला, ज्याची जगभर वाहवा झाली, ते चालते यंत्र हातचे असताना, अद्याप त्याच्या मागे धावणाऱ्या दुसऱ्यावर तीन वर्षे श्रम करीत राहणे आणि वेळ येताच पहिले सोडून देणे, हे अभियांत्रिकीत फार थोड्यांना साधते.

२० मार्च २०१४ रोजी फेसबुकने ‘हॅक’ ही भाषा प्रसिद्ध केली. तिचे रूप पीएचपीचेच, पण व्हेरिएबल व फंक्शन यांचे प्रकार लिहून ठेवण्याची आणि ते तपासण्याची सोय तिच्यात होती, आणि ही सोय हळूहळू, एकेक फाइल करीत, स्वीकारता येत असे. तोपर्यंत फेसबुकचा जवळजवळ सर्व पीएचपी मजकूर हॅकमध्ये आणलाही गेला होता. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये पीएचपीचे एक लिखित भाषाविधान तयार करून त्याच कंपनीने ते पीएचपीच्या समाजाला अर्पण केले. दोन इंजिने उभी राहिली तेव्हाच भाषेला सनदेची गरज भासली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता या इतिहासाचा तो भाग येतो ज्याचा आपल्याशीही संबंध आहे. विकिपीडियाचे सारे अवतार, २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया त्यात आला, पीएचपीत लिहिलेल्या मीडियाविकी या एकाच प्रोग्रामवर चालतात. जो केवळ वाचावयास येतो त्याला बहुधा आधी तयार करून ठेवलेले पान मिळते, म्हणून त्याला वेगाची चिंता नसते. परंतु जो लिहावयास येतो, ज्याने एखाद्या तालुक्याच्या किंवा एखाद्या संतकवीच्या लेखात चार ओळी घालून पान जतन करण्याची आज्ञा दिली, त्याच्यासाठी साचे उलगडून, दुवे तपासून, संपूर्ण पान नव्याने रचावे लागते, आणि तेवढा वेळ त्याला पडद्याकडे पाहत थांबावे लागते. विनामूल्य श्रम करणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवणे ही कोणत्याही ज्ञानसंस्थेला न शोभणारी गोष्ट आहे. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या अभियंत्यांनी २०१४ साली आपले सर्व्हर एचएचव्हीएमवर नेले. फेसबुकने आपला एक अभियंता काही काळ त्यांच्या साहाय्यास दिला. आणि डिसेंबरात काम पुरे झाले तेव्हा पान जतन होण्याचा सरासरी वेळ सुमारे ६ सेकंदांवरून ३ सेकंदांवर आला होता, तर सर्व्हरच्या सीपीयूवरील भार सुमारे ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत उतरला होता. अमेरिकेतील एका व्यापारी कंपनीने आपला खर्च वाचविण्यासाठी रचलेले यंत्र अशा रीतीने मराठी लेखकाच्या कामीही आले.

याच सुमारास मूळ पीएचपीच्या गोटात जी हालचाल चालू होती तिचे महत्त्व मात्र याहून मोठे आहे. झेंड या कंपनीतील द्मित्री स्तोगोव्ह यांनीही ऐन वेळी यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर पीएचपीसाठी रचून पाहिला होता. गणिती कसोट्यांवर त्याने विलक्षण वेग दाखविला. पण वर्डप्रेससारख्या खऱ्याखुऱ्या प्रोग्रामवर चालविला तेव्हा लाभ जवळपास शून्य. असे का व्हावे, याचा शोध घेता त्यांना दिसून आले की वेळ जातो तो आज्ञा पाळण्यात नव्हे, तर मेमरीतून वस्तू आणण्यात, ठेवण्यात आणि त्यांच्या धन्यांची गणती करण्यात. तेव्हा कंपायलर बाजूस ठेवून त्यांनी, शिनचेन हुई आणि निकिता पोपोव्ह यांच्यासह, जानेवारी २०१४ पासून भाषेच्या पोटातील वस्तूंची मांडणीच बदलावयास घेतली. प्रत्येक मूल्य ज्यात राही तो साचा २४ बाइटांवरून १६ वर आला. यादीतील प्रत्येक नोंदीला ७२ बाइट लागत त्या जागी ३२ पुरू लागले. ज्या साध्या अंकांना धन्यांच्या गणतीची गरजच नाही त्यांना तीतून मुक्त केले. ३ डिसेंबर २०१५ रोजी पीएचपीची सातवी आवृत्ती निघाली, आणि कोणताही नवा कंपायलर न जोडता, वापरणाराने आपली एक ओळही फारशी न बदलता, अनेक संकेतस्थळे जवळपास दुप्पट वेगाने चालू लागली. एचएचव्हीएमचा प्रतिस्पर्धी समोर उभा नसता तर हे काम इतक्या निकडीने आणि इतक्या एकमताने झाले असते असे मला वाटत नाही. ज्या लक्षावधी लहान संकेतस्थळांनी हिपहॉपचे नावही ऐकले नव्हते त्यांना त्याचा सर्वांत मोठा लाभ या आडवाटेने पोचला.

त्यानंतर दोन्ही मार्ग वेगळे होणे अपरिहार्यच होते. सप्टेंबर २०१७ मध्ये एचएचव्हीएमच्या चालकांनी जाहीर केले की सातव्या पीएचपीशी एकरूप राहण्याचा प्रयत्न यापुढे होणार नाही, ३.३० ही एचएचव्हीएमची पीएचपी चालविणारी अखेरची आवृत्ती ठरली, आणि २०१९ च्या आरंभी निघालेली चौथी आवृत्ती केवळ हॅकसाठी राहिली. विकिमीडियाने त्याच वर्षी आपले सर्व्हर पुन्हा मूळ पीएचपीवर आणले. फेसबुकच्या आत मात्र यंत्राचे काम थांबले नाही. उलट तेथे एक नवाच प्रश्न पुढे आला. प्रकाशने दिवसातून अनेक वेळा होऊ लागली, आणि प्रत्येक प्रकाशनानंतर हजारो सर्व्हर कोऱ्या मेमरीने सुरू होऊन तेच निरीक्षण आणि तेच भाषांतर स्वतंत्रपणे करीत बसू लागले. यंत्र तापून वेग धरते न धरते तोच पुढचे प्रकाशन दाराशी. गिल्येर्मे ओत्तोनी आणि बिन लिऊ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जंप-स्टार्ट’ योजनेत काही थोड्या सर्व्हरांनी आधी चालून निरीक्षणांचे दफ्तर तयार करावे आणि बाकीच्यांनी ते वाचून पहिल्या मागणीपासूनच सिद्ध भाषांतरानिशी उभे राहावे, असा तोडगा निघाला.

आणि स्तोगोव्ह यांनी बाजूस ठेवलेला तो कंपायलरही कायमचा अडगळीत पडला नाही. वस्तूंची मांडणी नीट झाल्यावर त्यांनी तो नव्या पायावर पुन्हा लिहिला, आणि २६ नोव्हेंबर २०२० रोजी निघालेल्या पीएचपीच्या आठव्या आवृत्तीत तो अधिकृतपणे दाखल झाला. गणिताचा भार असलेल्या प्रोग्रामांना त्याने पुष्कळ वेग दिला. सामान्य वेबपानांच्या बाबतीत फरक थोडाच पडला, कारण तेथे जे मिळावयाचे ते सातव्या आवृत्तीने बव्हंशी आधीच मिळवून दिले होते.